पाहुणा उपाशी राहू नये म्हणून

मैत्रिणींनो, गेल्या वेळी ह्याच पानावर लोणच्याला बुरशी का धरते ते लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच जणींची पत्रं आली आणि बहुतेकींनी आपापल्या घरातला गुन्हेगार शोधून काढलेला दिसतो. ओला चमचा! आज लिहिणार आहे तेही बरण्यांबद्दलच, आणि ओला चमचा ह्यातही येणार आहे. फक्त ह्या बरण्यांतलं खाणं माणसांसाठी नाही, आणि ते चक्क जिवंत आहे. नाक मुरडू नका हं, आधी ऐकून तर घ्या.

आमच्याकडे बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याचा फिशटँक आहे. तीन फुटी, पावणेदोनशे लिटर पाणी मावेल असा. हे वेड आमच्या ह्यांचं. लहानपणी वडिलांचं बोट धरून मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय (१९५१ साली सुरू झालेलं) पाहिलं, तेव्हा डोक्यात बसलेलं ते लग्नानंतर बारा वर्षांनी बाहेर आलं. मी सुरुवातीला फार कुरकुर केली. गोड्या पाण्यातले गप्पी, गोल्डफिश म्हणजे कसं सुटसुटीत काम. हे खाऱ्या पाण्याचं प्रकरण म्हणजे खास मीठ विकत आणा, पाण्याची घनता मोजा, पंप बंद पडला तर रात्री उठा. पण एखादी गोष्ट एकदा घरात आली की ती आपलीच होते. ह्यांची फिरतीची नोकरी, त्यामुळे मीठ, पाणी, पंप सगळं हळूहळू माझ्याच पदरात पडलं. मी दुपारच्या शाळेत आठवी-नववीला मराठी शिकवते, तेही अर्धवेळ. विज्ञानाशी संबंध दहावीनंतर सुटला तो सुटलाच. तेव्हा पुढे जे सांगणार आहे ते शास्त्रज्ञाचं नाही, हात पोळलेल्या बाईचं आहे.

गेल्या वर्षीच्या दिवाळीची गोष्ट. टँकला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. मुलगा सहावीत. आजोबांनी, मामाने दिलेले पैसे त्याने फटाक्यांवर न उडवता जपून ठेवले होते आणि त्याला हवा होता एकच मासा, मँडरिन. पाहिलाय का तुम्ही कधी? बोटभर लांब, पण निळ्याशार अंगावर नारिंगी नागमोडी वेली आणि मध्येच हिरवे शिंतोडे. जुन्या चिनी दरबारातल्या मँडरिन अधिकाऱ्यांच्या झग्यांवरून हे नाव पडलं म्हणतात. मला विचाराल तर कुणी पैठणीचा पदर पाण्यात सोडलाय असं वाटतं. त्या निळ्याचीही एक गंमत नंतर वाचनात आली. प्राण्यांच्या अंगावरचा निळा रंग बहुतेक वेळा नुसता प्रकाशाचा खेळ असतो, मोराच्या पिसाचंही तसंच. ह्या माशाच्या कातडीत मात्र खरोखरीचं निळं रंगद्रव्य असतं, आणि असे प्राणी फारच थोडे.

दुकानात मी विचारलं, हा खातो काय? "काही काळजी करू नका ताई, सगळं खातो." झालं. आम्ही घेऊन आलो.

पाकिटातले दाणे टाकले की बाकीचे मासे वर झेपावत. हा ढुंकूनही बघायचा नाही. पण दिवसभर पाहावं तेव्हा पंखांवर उड्या घेत दगडांवरून हिंडतोय, मान वाकडी करून बघतोय, चटकन काहीतरी टिपतोय. आम्हाला वाटलं, खातोय की! मुलगा शाळेतून आला की दप्तर खाली ठेवायच्या आधी काचेपाशी. सासूबाईसुद्धा पोथी बाजूला ठेवून बघत बसायच्या. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की ह्याचं डोकं मोठं दिसायला लागलंय. डोकं कुठलं मोठं होतंय! पोट खपाटीला गेलं होतं, म्हणून डोकं मोठं दिसत होतं. चार दिवसांनी सकाळी तो तळाशी आडवा पडलेला सापडला. मुलाने त्याला जास्वंदीच्या कुंडीत पुरलं आणि मग कितीतरी दिवस तो टँककडे पाठ करून अभ्यासाला बसायचा.

ह्यांचे एक स्नेही आहेत दादरला, वीस-बावीस वर्षं खाऱ्या पाण्याचे मासे पाळणारे. त्यांना फोन केला. टँक किती दिवसांचा, मासा कसा वागायचा, सगळं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अहो, दिवसभर टिपत तर होता. ते जरा थांबले आणि म्हणाले, "वहिनी, तो खात नव्हता. तो शोधत होता."

काय सांगू तुम्हाला! आपल्याकडे दारात आलेला माणूस पाणी घेतल्याशिवाय जात नाही. आणि तीन आठवडे एक जीव माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत अन्न शोधत हिंडला आणि आम्ही त्याच्या हिंडण्याचं कौतुक करत बसलो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तो शोधत होता ते अन्न म्हणजे कोपेपॉड. वल्हं आणि पाय ह्या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून हे नाव आलंय; वल्ह्यासारखे पाय मारत पोहणारा तो कोपेपॉड. कोळंबी-खेकड्यांच्या गोतातलाच, पण पूर्ण वाढला तरी जेमतेम मिलिमीटरभर, बरेचसे त्याहून लहान. समुद्रात ह्यांची संख्या अफाट आहे. आपण ज्याचं कालवण करतो तो बांगडा ह्यांच्यासारख्या बारीक जिवांवरच पोसलेला असतो, तेव्हा एका परीने कोपेपॉड आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहेतच. जुन्या, मुरलेल्या टँकमध्ये दगडांच्या फटींतून ते आपोआप वाढतात. तीन महिन्यांच्या टँकमध्ये कुठून असणार? आणि असले तरी एक मँडरिन ते इतक्या झपाट्याने वेचतो, की आमच्यासारख्या लहान टँकमध्ये त्यांना वाढायला सवडच मिळत नाही. त्याचं पोट लहान, घास लहान. एकदा पोटभर जेवून स्वस्थ बसणाऱ्यांतला हा मासा नाही. कोरड्या खाद्याला तो सहसा तोंड लावत नाही. समोर हलणारं हवं.

इथे एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझी आजी पाण्याच्या हंड्यावर दुहेरी फडकं बांधल्याशिवाय पाणी भरू द्यायची नाही. नळ आला तरी तिची सवय गेली नाही. "नारू होतो बाई," म्हणायची. नारूची ती बोट-दीड बोट नाही, हातभर लांब किडा पायातून काडीला गुंडाळत बाहेर काढायची वर्णनं तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी ऐकली असतील. तो नारू माणसाच्या पोटात जायचा तो विहिरीच्या पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या जिवाबरोबर, आणि सायक्लॉप्स म्हणजे गोड्या पाण्यातला कोपेपॉडच! गाळून पाणी पिण्यानेच मुख्यतः तो रोग हटला. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. आजीने आयुष्यभर जे फडक्यात अडकवून फेकून दिलं, तेच मी आता फडक्यात अडकवून जपून ठेवते. (समुद्रातल्या कोपेपॉडचा नारूशी काही संबंध नाही, घाबरू नका.)

दादरच्या भावजींनी एका प्लॅस्टिकच्या बाटलीत विरजण दिलं. हो, मी त्याला विरजणच म्हणते. टिस्बे जातीचे कोपेपॉड. हे काचेवर, तळावर सरपटणारे, चिवट, आपल्याकडच्या उकाड्याला बऱ्यापैकी दाद न देणारे, म्हणून नवशिक्यांसाठी चांगले. बाटली उजेडासमोर धरली तर पांढरे ठिपके तुरुतुरु पळताना दिसतात. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब ठेवून दाखवला. मादीच्या मागच्या बाजूला अंड्यांचा घोस, अगदी द्राक्षाच्या घडासारखा, आणि तो घेऊन ती लगबगीने हिंडतेय. पोरीबाळींनी रांग लावली बघायला.

आता कृती. चार-पाच लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी घ्यायची. बरणी नुसत्या गरम पाण्याने धुवायची, साबणाचा अंशही नको. खारं पाणी करायला लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ, पण ते मत्स्यालयासाठी मिळतं तेच. आपलं स्वयंपाकाचं किंवा खडेमीठ चालत नाही. मिठागरात पाणी आटवून मीठ धरतं, तेव्हा समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियमसारखे बाकीचे क्षार उरलेल्या पाण्याबरोबर बरेचसे निघून जातात. आपल्या आमटीला ते नकोच असतात, पण ह्यांना हवे असतात. घनता १.०२३ ते १.०२५ च्या दरम्यान ठेवायची. पाणी शुद्धीकरण यंत्रातलं घ्या. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन ह्यांना सोसत नाही. बरणी निम्म्याहून जरा जास्त भरायची आणि त्यात विरजण ओतायचं. हवेसाठी छोटा पंप लावा, पण नळीच्या टोकाला बारीक बुडबुडे काढणारा दगड नको. नुसती नळी, सेकंदाला एखाद-दोन मोठे बुडबुडे येतील इतपतच. तोंडावर मलमलीचं फडकं. ऊन नको, खिडकीशेजारचा उजेड पुरे.

पाणी आटलं की वरून भर घालायची ती साध्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. वाफ होते ती पाण्याची, मीठ बरणीतच राहतं. मी पहिल्या महिन्यात खाऱ्या पाण्याची भर घालत होते आणि घनता का चढते म्हणून यंत्राला दोष देत होते.

त्यांचं खाणं म्हणजे हिरवं पाणी. नॅनोक्लोरोप्सिस नावाचं सूक्ष्म शेवाळ मत्स्यालयाची हौस असलेल्यांकडून मिळतं. सरबताच्या दोन लिटरच्या पारदर्शक बाटलीत खारं पाणी, त्यात शेवाळाचं खत बाटलीवर लिहिलेल्या मापाने, पेलाभर हिरवं विरजण, हवेची नळी आणि शेजारी ट्यूबलाइट. आठवडाभरात पाणी गर्द हिरवं होतं. निम्मं काढून वापरायचं, निम्म्यात पुन्हा खारं पाणी आणि खत घालायचं. काढलेलं फ्रिजमध्ये दोन आठवडे सहज राहतं, रोज एकदा हलवायचं तेवढं. आणि बाटलीला चिठ्ठी लावा! आमच्याकडे आलेल्या चुलत नणंदेने पुदिन्याचं सरबत म्हणून पेला भरून घेतला होता, ओठाला लागायच्या आत मी धावले म्हणून बरं.

आयसोक्रायसिस नावाचं तपकिरी शेवाळ मिळालं तर तेही थोडं द्या. माशांच्या पिलांच्या वाढीला लागणारं डीएचए नावाचं स्निग्ध आम्ल त्यात चांगलं असतं, नॅनोत जवळजवळ नसतं. पण ते जरा नखरेल, उन्हाळ्यात बसतं. मी दोनदा घालवून बसले आणि सोडून दिलं.

किती हिरवं पाणी घालायचं, हाच खरा कळीचा प्रश्न. बरणीतलं पाणी फिकट पोपटी दिसेल, पलीकडे धरलेल्या वर्तमानपत्राचे मोठे मथळे वाचता येतील, इतकंच. पाणी निवळलं की पुन्हा घालायचं, निवळायच्या आत नाही. मी काय केलं असेल? एक मासा उपाशी मेलेला, त्यामुळे माझा हात सैल. त्यात कुणीतरी सांगितलं, यीस्टही चालतं. चालतं, पण चिमटीच्या टोकावर मावेल इतकंच. मी पावाला घालतात तसं घातलं. तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं, वर साय आणि वास असा, की सासूबाई देवघरातून म्हणाल्या, "नासलं ग काहीतरी!" सगळी बरणी गेली. उपासमारीने मारलं ते एक आणि खायला घालून मारले ते हजारो.

दुसरी बरणी गेली ती मायेपोटी. मी शाळेत गेले की सासूबाई आपण होऊन पाण्याची भर घालायच्या. आठ-दहा दिवसांत ठिपके विरळ होत चालले. खाणं बरोबर, वास नाही, काही केल्या कळेना. मग एका सुट्टीच्या दिवशी पाहिलं, तर त्या भर घालत होत्या ती तांब्याच्या कळशीतल्या पाण्याची. "रात्रभर तांब्यात ठेवलेलं, चांगलं असतं म्हणून!" माणसाला असेल चांगलं. कोळंबीच्या गोतातल्या जिवांना मात्र तांबं म्हणजे विष. माशांच्या रोगावरची काही औषधं तांब्याची असतात, ती टँकमध्ये घातली तरी कोपेपॉड आणि कोळंब्या मरतात. बरणीचं कारण मी त्यांना सांगितलं नाही. नुसती बरणीशेजारी एक स्टीलची तपेली भरून ठेवायला लागले.

आणि आता ओला चमचा. हिरव्या पाण्याच्या बाटलीसाठी एक चमचा, एक नळी, एक गाळणं. कोपेपॉडच्या बरणीसाठी दुसरं. हे कधीही एकमेकांत जाऊ देऊ नका. कोपेपॉडचा एक थेंब जरी हिरव्या बाटलीत गेला तरी पंधरा-वीस दिवसांत ते तिथे बस्तान बसवून सगळं शेवाळ फस्त करतात, आणि मग ना शेवाळ उरतं ना कोपेपॉडला खायला काही. मी चमच्यांच्या दांड्यांना लाल आणि हिरवा दोरा बांधून ठेवलाय.

दोन बरण्या ठेवा, आणि त्याही वेगवेगळ्या खोल्यांत. एकीला काही झालं तर दुसरीतून विरजण घेता येतं. माझी एक स्वयंपाकघराच्या ओट्याखाली आहे, दुसरी समोरच्या वहिनींकडे त्यांच्या शिवणयंत्राशेजारी. मे महिन्यात आम्ही दहा दिवस कोकणात गेलो आणि इकडे लागोपाठ दोन दिवस वीज गेली. घरची बरणी गचकली, वहिनींची राहिली. त्यांनी दोन्ही दिवस ती मोरीतल्या गार फरशीवर पाण्याच्या परातीत ठेवली होती आणि दर तासाला पळीने ढवळली होती. असा शेजार मिळायला नशीब लागतं.

विरजण लागलं की साधारण दीड-दोन आठवड्यांत अंड्यातून बाहेर पडलेली पिलं मोठी होऊन स्वतः अंडी धरायला लागतात. पहिला महिना काढायचं नाही. मन घट्ट करायचं. नंतर आठवड्याला बरणीतलं पाव हिस्सा पाणी गाळून घ्यायचं. गाळायला आपली चहाची गाळणी उपयोगाची नाही, तिच्यातून हे हत्तीच्या दारातून मुंगी जावी तसे जातात. स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडे नायलॉनचं झिरझिरीत कापड मिळतं, त्यातलं दाट विणीचं घ्यायचं आणि जुन्या डब्याचा तळ कापून त्यावर ताणून बसवायचं. जेवढं पाणी काढलं तेवढं ताजं खारं पाणी भरायचं. दीड-दोन महिन्यांनी तळाशी गाळ साचतो. तेव्हा सगळं गाळून नव्या पाण्यात नवी बरणी लावायची.

मध्यंतरी पालिकेचे कर्मचारी डासांच्या अळ्या शोधत घरोघर फिरत होते. आमची बरणी बघून त्यांनी विजेरी रोखली. "ताई, ह्यात काय वळवळतंय?" मी माहिती सांगायला लागले ती थांबेचना. व्हिएतनाममध्ये गोड्या पाण्यातले मोठ्या जातीचे कोपेपॉड पाण्याच्या टाक्यांत सोडून डेंग्यूच्या डासांच्या अळ्या खाऊ घातल्या आणि कितीतरी गावांतून ते डास नाहीसे केले, हेही सांगून टाकलं. बिचारे पाणी पिऊन गेले.

आता थोडं स्पष्ट लिहिते. मँडरिन आपल्या समुद्रातला नाही. फिलिपिन्स-इंडोनेशियाकडच्या प्रवाळांतून त्यांतले बरेचसे पकडून आणले जातात, आणि घरोघरच्या टँकमध्ये असेच उपासाने मरतात. ज्यांना वर्षभर बरणी सांभाळणं जमणार नाही त्यांनी तो मासा आणूच नये. मुलं कितीही हटून बसली तरी. त्याऐवजी नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश घ्या. तो दाणे खातो, आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केरळातल्या विळिंजमला नि तामिळनाडूतल्या मंडपमला त्याची पैदास करण्याचं तंत्र बसवलं आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेलाच घ्यायला हवा असं नाही. विळिंजमला तर कोपेपॉड वाढवण्यावरही काम झालेलं आहे. आणि मालवणला सहलीला गेलात तर टँकसाठी प्रवाळाचा तुकडा उचलून आणू नका. २००१ पासून वन्यजीव कायद्याने प्रवाळांना आणि समुद्रघोड्यांनाही संरक्षण आहे. ते बाळगणं गुन्हा आहे. आम्ही टँकमध्ये सिमेंटचे घरी केलेले दगड वापरतो, महिनाभर पाण्यात मुरवून.

तर जूनमध्ये काय झालं, दादरच्या भावजींचा फोन आला. त्यांच्या ओळखीचं एक कुटुंब परदेशी चाललं होतं आणि त्यांचा मँडरिन कुणाला द्यावा ह्या विवंचनेत होतं. वहिनी, तुमच्या बरण्या चालू आहेत ना? मी लगेच हो म्हणणार होते, पण मुलगा शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "नको आई. हाही मरेल."

मी काही समजावत बसले नाही. त्या रात्री दिवे मालवून तासाभराने त्याला टँकपाशी नेलं आणि विजेरी काचेवर धरली. गेले चार महिने दर आठवड्याला वाटीभर कोपेपॉड मी ह्याच टँकमध्ये सोडत होते, खाणारा कुणी नसताना. काच पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली होती. दगडांवर, पंपाच्या नळीवर, मागच्या कप्प्यात ठेवलेल्या शेवाळाच्या गुंतवळात, जिकडे बघावं तिकडे ते हलत होते. तो मोजायला लागला. दोनशेपर्यंत गेला आणि मग म्हणाला, "हे संपले तर?" मी ओट्याखालची बरणी दाखवली. "आणि ही संपली तर?" समोरच्या वहिनींचं दार रात्री साडेदहाला वाजवायचं मात्र मी नाही म्हटलं.

नवा मँडरिन आला तेव्हा जरा रोडच होता. पहिले पंधरा दिवस कोपेपॉडबरोबर आर्टेमियाची ताजी पिलंही दिली. आर्टेमियाची अंडी डबीत मिळतात, खाऱ्या पाण्यात घातली की दिवसभरात फुटतात. ती पिलं अडीअडचणीला बरी, पण अंड्यातून निघाल्यावर काही तासांच्या आत द्यावी लागतात, आणि डीएचएच्या हिशेबात ती उणीच. आता त्याचं पोट वरून पाहिलं की दोन्ही बाजूंनी गोल दिसतं. कडेने बघून फसायला होतं म्हणून मुलगा स्टुलावर चढून वरूनच बघतो आणि दर रविवारी वहीत लिहितो: "पोट ठीक", "पोट ठीक", एकदा "पोट जरा कमी", त्या आठवड्यात दोन वाट्या.

वाटी सोडायची ती रात्री, टँकचे दिवे मालवल्यावर, म्हणजे बाकीचे मासे झोपेला आलेले असतात आणि कोपेपॉडना दगडांत शिरायला वेळ मिळतो. त्याआधी पंप बंद करायचा, नाहीतर निम्मे गाळणयंत्रात जातात. अर्ध्या तासाने तो आठवणीने चालू करायचा, हे विसरलात तर सगळ्यावर पाणी. आमच्याकडे त्यासाठी गजर लावलेला असतो, आणि तो वाजला की दूध उतू जातंय की पंप लावायचाय ह्यावर रोज रात्री एकदा धावपळ होते.